साध्या गाडीतली माणसं

१२ फेब्रुवारी

चि. ठोंब्या,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. पत्र फाडायचं झालं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

इस्पितळाच्या जिन्यात तू मला म्हणालास, "ताई, तुझ्या पोरीनं माझ्या माणसाचं तोंड फोडलंय. माझ्यासमोर रडू नकोस." मी रडत नव्हते रे. मुंगीचा पांढरा कोट माझ्या हातात होता, तो रक्तानं पुठ्ठ्यासारखा कडक झाला होता, आणि तो कुठं ठेवावा हे मला सुचत नव्हतं. ते रक्त फारसं तिचं नव्हतं, तुझ्या हवालदाराचंही थोडंच होतं. तिच्या पेटीतल्या तपासणीच्या रक्ताच्या नळ्या फुटल्या होत्या. त्या सकाळी घरोघरी जाऊन तिनं ज्यांचे हात टोचले, त्या आजारी माणसांचं होतं ते. एक बाळंतीण होती, एक साखर वाढलेले मास्तर होते. पेट्रोल पंपावरच्या लोकांनी तिला केस धरून फरफटत नेलं, ती त्या काचांवरून. एक जण तिच्या पोटात लाथा घालत विचारत होता, "पोलिसाला मारतेस?" तिनं ज्याला मारलं तो पोलीस आहे हे त्यालाही तेव्हाच कळलं होतं. हवालदाराच्या गाडीच्या ड्रायव्हरनं निळा दिवा टपावर ठेवला तो सगळं उरकल्यावर.

मुंगीच्या वकीलबाईंनी मला तुझ्या खात्याचा कागद वाचून दाखवला. "महिला भरधाव वेगानं जात होती." वेग मोजला कसा, तर पोलिसांची कुठलीच खूण नसलेली राखाडी गाडी तिच्या मागं सारखं अंतर ठेवून चालवली आणि आपल्याच गाडीचा काटा पाहिला. ही म्हणे तुमची पद्धत. तू वाहतूक पोलिसांचा साहेब, ती पद्धत तूच बसवलीस. आता एकदा मागच्या गाडीतून उतर आणि पुढच्या गाडीत बसून बघ. गोदामांचा तो लांब रस्ता, दोन्हीकडे भिंती, मागं दोन पुरुष. आपण हळू झालो की ते हळू. वाट दिली तरी पुढं जात नाहीत. अशा वेळी बाईमाणसाचा पाय आपोआप दाबला जातो, आणि तुमचा काटा वर चढतो. तो वेग तिचा की तुमचा?

मी तिला कोठडीत भेटले. डावा कान सुजून बंद झालाय. म्हणाली, "आई, ज्यांच्या नळ्या फुटल्या त्यांना कळव. पुन्हा टोचून घ्यावं लागेल म्हणावं." तुझीच भाची ती.

ताई


२० फेब्रुवारी

ठोंब्या,

काल तुझा ड्रायव्हर येऊन गेला. दारातच उभा राहून म्हणाला, "साहेबांनी सांगितलंय, केस चालू आहे, पत्रं पाठवू नका."

मी विचारलं, "पाठवू नका म्हणाले की वाचणार नाही म्हणाले?"

तो डोकं खाजवत म्हणाला, "बाई, मला फक्त पहिलं वाक्य सांगितलंय."

मग त्याला चहा दिला. दुसरं वाक्य तुझ्याकडे नाही, हे मला कळलं.

आता मुद्द्याचं. वकीलबाई म्हणतात, पहिल्या फटक्याचं काही भय नाही. साध्या कपड्यातल्या माणसानं तिच्या खिडकीतून हात घालून किल्ली काढायचा प्रयत्न केला, ती घाबरली, चाकाचा पाना उचलून तिनं त्याच्या गुडघ्यावर मारला. न्यायाधीशांना हे पटेल. घात करतो आहे तो दुसरा फटका. माणूस खाली पडलेला, गुडघा धरून ओरडतो आहे, आणि ती गाडीतून उतरून त्याच्या तोंडावर मारते. जबडा, गाल आणि एक डोळा. सरकारी वकील म्हणतात, यात भीती कुठली, हा खून करायचाच प्रयत्न. तेवढ्या एका फटक्यावर तिची उमेदीची वर्षं तुरुंगात जातील.

तो दुसरा फटका कुठून आला, ते मला ठाऊक आहे. तुझ्या मागच्या अंगणातून आला.

दोन वर्षांपूर्वी ती अशीच रस्त्यानं जात होती. मागून एका साध्या गाडीनं दिवे लुकलुकवले, खिडकीतून कुणी कार्ड हलवलं, "पोलीस." ती सरळमार्गी पोर, थांबली. त्यांनी तिला केसांना धरून बाहेर ओढलं, कानातला डूल पाळीसकट तोडला, तोंडावर लाथा घालून जबडा मोडला आणि गाडी घेऊन गेले. सहा आठवडे ती नळीनं दूध पीत होती. ती उभी राहिली, आणि तू तिला अंगणात नेलंस. वाळू भरलेलं पोतं दोरीनं टांगलंस. मी खिडकीतून बघत होते. "साध्या गाडीतला माणूस स्वतःला पोलीस म्हणाला, तर तो चोर. थांबायचं नाही. वेग वाढवायचा, माणसं असतील तिथं जायचं. तिथंही आडवा आला तर गुडघ्यावर मार. आणि पडला की उठू देऊ नकोस. पहिला फटका त्याला पाडायला, दुसरा तुला जगवायला." पोतं फुटेपर्यंत तू तिच्याकडून ते करून घेतलंस. तिनं पंप गाठला तोही तू सांगितलंस म्हणूनच.

आणि मग गेल्या महिन्यात तू तुझी माणसं साध्या गाडीत बसवलीस. पहिला महिना कुठं बोलायचं नाही, वर्तमानपत्रात नाही, घरात नाही. आधी पकडायचं, मग जाहीर करायचं. साऱ्या गावापासून लपवलंस ते ठीक. पण जिला तू ते पोतं फोडायला लावलंस, तिची तुला एकदाही आठवण झाली नाही?

मुंगीनं मला बजावलंय, "मामाचं नाव कोर्टात यायचं नाही. त्याच्याकडे ते एकच उरलंय." तिला ठाऊक नाही मी तुला लिहिते आहे ते. तुझी नोकरी जाईल, गाड्या बंद होतील, हेही मला कळतं. तरी मागते. साक्षीला ये आणि काय शिकवलं होतंस ते सांग. खरं सांग, सगळं सांग.

ताई


३ मार्च

ठोंब्या,

आमच्या मिशनच्या शाळेत सिस्टर सांगायच्या की रागात लिहिलेलं पत्र एक रात्र उशाखाली ठेवावं. हे मी चार रात्री ठेवलं. त्यातला अर्धा भाग सकाळी फाडला. राहिला तो असा.

तू मला शाळेच्या फाटकाशी न्यायला यायचास ना, तोंडात बोट घालून, तेव्हाची गोष्ट. आमच्या वऱ्हांड्यावर दोन सिस्टरांची पाळी असे. थोरल्या सिस्टरांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता. त्या येताना खुळखुळ ऐकू यायची आणि आम्ही पुस्तकात डोकं घालायचो. त्या गेल्या की पुन्हा गोंधळ. धाकट्या सिस्टर तोच जुडगा रुमालात गुंडाळून मुठीत धरायच्या. त्या कधी मागं येऊन उभ्या राहतील, नेम नसे. त्यांच्या पाळीत वऱ्हांडा सदाच गप्प. पहारा दिसला नाही तरच धाक बसतो, हे तुझं म्हणणं मला इथवर कबूल आहे. एक दांडगी मुलगी लहान पोरींचे दंड पिरगाळून काळेनिळे करायची, तीही रुमालवाल्या सिस्टरांनाच सापडली. खुळखुळणाऱ्यांना वर्षभर सापडली नव्हती.

आणि तू हे का करतोस, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तुझ्या बायकोची ओळख पटवायला मीच गेले होते. तुला आत येऊ दिलं नाही, कारण ओळखावं असं तोंड उरलं नव्हतं. हातावरच्या भाजल्याच्या डागावरून मी सांगितलं, हो, हीच. तिला चिरडणारा तो माणूस चौकीसमोरून अगदी सभ्यपणे, हळूहळू गेला होता. पोलिसांची पट्ट्यापट्ट्यांची गाडी मागं पडली आणि त्यानं पाय दाबला. पुढच्याच वळणावर ती रस्ता ओलांडत होती. "पोलीस दिसला की सगळे साधू," तू तेव्हा म्हणालास, आणि भिंतीवर डोकं आपटलंस. मीच धरलं होतं तुला.

म्हणून मी तुला गाड्या बंद कर असं म्हणत नाही. पण एक फरक आहे, तो मला त्या चार रात्रींत सुचला. रुमालातल्या किल्ल्या असोत, पण सिस्टर अंगावरच्या झग्यानं सिस्टरच होत्या. मान वळवली की कळायचं, ही कोण. त्या जर आमच्यासारखा गणवेश घालून मागच्या बाकावर बसल्या असत्या आणि अंधारात मनगट धरलं असतं, तर आम्ही चावलोच असतो. आणि चावलो म्हणून मग आम्हालाच कोंडलं असतं?

कोर्टाची तारीख नऊ एप्रिल पडली आहे.

ताई


१७ मार्च

ठोंब्या,

मी इस्पितळात जाऊन आले. तुला न विचारता. बाकावर त्या हवालदाराची आई बसली होती. कपडे धुण्याच्या दुकानात इस्त्री करते, हाताच्या कोपरापर्यंत भाजल्याच्या खुणा. मी शेजारी बसले. तिला वाटलं माझंही कुणी आत आहे.

"डोळा गेला," ती आपणहून म्हणाली. "दुसरा राहील म्हणतात. जबड्याला तारा घातल्यात. लिहून दाखवतो. काल लिहिलं, आई, तू जेवलीस का?"

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तो वर्दीच मागत होता हो. मी रोज कडक इस्त्री करून द्यायची. साहेब म्हणाले, घरच्या कपड्यात ये, चौकड्याचा सदरा घाल. ह्याला इतकं वाईट वाटलं. म्हणाला, आई, वर्दीसाठी तर भरती झालो, आता चोरासारखं फिरायचं. वर्दी अंगात असती तर त्या बाईनं मारलं असतं का, तुम्हीच सांगा."

मी म्हटलं, "नसतं मारलं." मग म्हटलं, "ती बाई माझी मुलगी आहे."

तिनं आधी माझ्याकडे नीट पाहिलं. मग माझा हात उचलला, जणू धरणार, आणि माझं बोट असं मागं वाकवलं की मला कळ थेट खांद्यापर्यंत गेली. मी ओरडले नाही. ती दातओठ खात माझ्या कानाशी म्हणाली, "तुझीही एक गोष्ट मोडू दे." नर्स धावली तेव्हा तिनं सोडलं आणि स्वतःच हमसाहमशी रडायला लागली. मी तिला पाणी आणून दिलं, डाव्या हातानं. ती प्यायली.

बोट मोडलेलं नाही, पण सुजलंय. अक्षर वाकडं दिसतंय ते त्यामुळे. घरी ह्यांना सांगितलं दारात सापडलं. चाळीस वर्षांच्या संसारात ह्यांनी माझं खोटं एकदाही पकडलेलं नाही, बिचारे.

तुझ्या लपवण्यानं दोन घरांतली पोरं मोडली, एवढंच सांगायचं होतं. दोघांनाही एकमेकांचं काहीच घ्यायचं नव्हतं.

ताई


१० एप्रिल

ठोंब्या,

तू आलास. पूर्ण वर्दीत, टोपी काखेत. मला वाटलं, देवा, मी जिंकले. आईनं पोरीसाठी काहीही मागितलं तरी चालतं असं मला त्या क्षणी वाटलं.

तू सगळं सांगितलंस. पोतं, पाना, पहिला फटका पाडायला, दुसरा जगवायला. सरकारी वकिलांचा चेहरा उतरला. वकीलबाईंनी माझा गुडघा दाबला. मुंगी पिंजऱ्यातून तुझ्याकडे बघत मान हलवत होती, नको, नको.

मग सरकारी वकिलांनी विचारलं, "म्हणजे रस्त्यात भेटेल त्याला झोडपायला शिकवलंत?"

तू म्हणालास, "नाही. दुसऱ्या फटक्याआधी पायांकडे बघायला शिकवलं होतं."

हे मला माहीत नव्हतं. पोतं फुटलं तेव्हा मी खिडकीतून उठून आत गेले होते.

तू तुझ्या त्या सावकाश आवाजात सांगितलंस की कार्ड छापून मिळतं, वर्दी शिवून मिळते, दिवा बाजारात मिळतो. फक्त खात्याचे बूट बाहेर मिळत नाहीत. दोन बक्कलांचे. खोटा पोलीस सगळं आणतो, बूट आणू शकत नाही. बूट दिसले तर हात आवर, असं तू तिला सांगितलं होतंस. आणि तुझ्या हवालदारानं चौकड्याच्या सदऱ्याखाली तेच बूट घातले होते, कारण त्याच्याकडे दुसरे नव्हते.

तू एकदाही माझ्याकडे पाहिलं नाहीस. सगळं खरं सांग असं मीच लिहिलं होतं, तुला काय बोलणार? पण तेव्हा, ठोंब्या, मला जागच्या जागी तुझा गळा आवळावासा वाटला. सख्ख्या भावाचा. हे मी लिहून ठेवते.

सरकारी वकील मुंगीकडे वळले. "तुम्ही बूट पाहिले होते?"

वकीलबाई उठून म्हणाल्या, उत्तर देऊ नका. तिनं दिलं.

"पाहिले."

"म्हणजे तो पोलीस आहे हे कळलं होतं."

"हो."

"तरी मारलंत?"

तिनं आपल्या जबड्यावर हात ठेवला. मग म्हणाली, "ज्यांनी माझा जबडा मोडला त्यांच्याही पायात तेच होते. माझं तोंड रस्त्यावर दाबलेलं होतं. मला तेवढंच दिसत होतं. दोन बक्कलं. मामानं अंगणात बुटांचं सांगितलं तेव्हा मला कळलं, ते खरेच पोलीस होते."

न्यायाधीशांनी स्वतः विचारलं, "हे तेव्हा तक्रारीत का सांगितलं नाही?"

"तक्रार मामानं लिहून घेतली होती," ती म्हणाली. "त्याची बायको गेली होती. त्याला ते खातं तेवढं उरलं होतं. मी त्याला कसं सांगणार होते?"

तू कठड्याला धरलंस. मी पाहिलं, तुझी टोपी खाली पडली आणि तू ती उचलली नाहीस.

बाहेर हवालदाराची आई तुझ्यापाशी आली आणि तुझ्या तोंडात मारली. आवाज साऱ्या जिन्यात गेला. तुझ्या माणसांनी तिला धरलं, तू म्हणालास, "सोडा." मग ती माझ्याकडे आली. मी हात पाठीमागं लपवला नाही. पण तिनं हात लावला नाही. म्हणाली, "ज्यांनी तुझ्या पोरीला मारलं त्यांच्यात माझा मुलगा नव्हता. त्याची भरती सहा महिन्यांपूर्वीची. तिला दिसलं तो पोलीस आहे, आणि तरी."  

मुंगीला जामीन मिळाला. खुनाच्या प्रयत्नाचं कलम आहे तसंच आहे. जुन्या मारहाणीचा तपास पुन्हा करा, असा हुकूम झालाय. तो करणार कोण, तुझंच खातं. सांग, मी कुणाच्या दारी जाऊ?

ताई


१४ एप्रिल, दुपार

ठोंब्या,

हे तू गाडीत बसून वाचत असशील. मी तुला खिडकीतून बघत लिहिते आहे.

तू फोन केलास, इतक्या दिवसांनी पहिल्यांदा. म्हणालास, "ताई, मला गाड्यांच्या कामावरून काढलं. पण त्याआधी मी दोन वर्षांपूर्वी त्या दिवशी त्या रस्त्याला खात्यातलं कोण कोण होतं ते शोधलं. पाच जण आहेत. फोटो आणलेत. मुंगीला बघायचे असतील तर मी फाटकापाशी आहे." आणि फोन ठेवलास. तुझा ओठ फुटलेला मला इथून दिसतोय. तो त्या माउलीच्या एका थपडेनं इतका फुटणार नाही. तुझ्याच माणसांनी मारलं ना? सांगू नकोस, मला कळलं.

कुणाची तरी पांढरी गाडी घेऊन आलायस. तुझी नेहमीची नाही. ती मुंगीनंच आधी पाहिली, स्वयंपाकघराच्या खिडकीतून. एक परका माणूस, काचा वर, इंजिन चालू. तिनं ह्यांचा हातोडा उचलला आहे आणि ती दाराच्या आड उभी आहे. मी म्हटलं, "अगं, मामा आहे."

ती म्हणाली, "मला काय माहीत?"

मी म्हटलं, "मीच बोलले त्याच्याशी."

"तू फोनवर बोललीस, आई. मी गाडी बघते आहे."

रागानं नाही म्हणाली. बस थांब्यावर येते का नाही असं विचारावं, तशी म्हणाली. हे आपण केलं तिचं. त्या पाच जणांनी, तू, आणि मी सुद्धा, खिडकीतून उठून गेले होते ती.

तिला फोटो बघायचे आहेत. मी विचारलं तेव्हा ती ताबडतोब हो म्हणाली, बूट नाही, आता तोंडं दाखवा म्हणाली. दोघांची तोंडं तिनं पाहिली होती, केस धरून ओढताना, तेवढंही ती तुझ्यापायी गिळून बसली होती. ती ओळखेल. आणि ओळखली की तू तिच्या शेजारी उभा राहणार आहेस, वर्दीत किंवा वर्दीशिवाय. ते तुझं तू ठरव. मी आता मागणार नाही.

हे पत्र ह्यांच्या हातून गाडीपाशी पाठवते आहे. ह्यांना तू ओळखशील, पायजम्यात आहेत आणि खूप घाबरलेत. वाचून झालं की इंजिन बंद कर. काचा खाली कर. दार तूच उघड आणि बाहेर ये, दोन्ही हात तिला दिसतील असे धर. फोटोचं पाकीट ह्यांच्याकडे दे, खिशात हात घालू नकोस. फाटकाच्या आत पाऊल टाकायच्या आधी थांब, आणि मोठ्यानं तुझं नाव सांग. ठोंब्या नको. पूर्ण नाव सांग, तू कोण आणि कशासाठी आलास ते सांग.

ती ये म्हणेपर्यंत तिथंच उभा राहा. वेळ लागेल. उन्हात लागला तरी लागू दे.

ताई